बाबांच्या सदऱ्याची बटणं

ती. आई-बाबांस सा. न.

आधी सांगून टाकतो, मग काय रागवायचं ते रागवा. माझ्याच सोसायटीत तळमजल्यावरचं घर भाड्याने घेतलंय. ॲडव्हान्स देऊन झाला. कमोड आहे, मागे तुळशीपुरती जागा आहे. आई, तुझा पाटा-वरवंटा गाडीत घालून आणू. गावचं घर मोडायला सांगत नाहीये मी. औषधं लागू पडेपर्यंत तरी या.

बाबा, मे महिन्यात पडवीत तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होतात. जन्मभर उघड्या अंगाने सुपारी कातरणारा माणूस! विचारलं तर म्हणालात, गार वाटतंय. छाती सुजलीय हे शेवटी आईने न्हाणीपाशी हळूच सांगितलं. तुम्ही कशाला लाजताय? हे लिव्हरचे उद्योग आहेत.

"टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलंय" म्हणता ना, ते पुरुषी हार्मोन? 30 वर्षं एसटीत माणसं मोजलीत तुम्ही. हार्मोनही रक्तात प्रथिनांच्या गाड्यांतून फिरतात, कामाला लागतात ते मात्र खाली उतरलेलेच. टेस्टोस्टेरॉनचा जेमतेम 2 टक्के भाग मोकळा असतो. गाड्या बनवतं लिव्हर, आणि सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर निबर झालं की, त्यातली एसएचबीजी नावाची गाडी वाढते. तिकिटं तेवढीच फाटतात, थांब्यावर उतरत कोणी नाही. म्हणून दंड सुकले, छाती सुजली. पाणी उतरवायच्या स्पायरोनोलॅक्टोननेही छाती सुजते, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही! कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचं उलटं आहे. त्याची खास गाडी आणि अल्ब्युमिन नावाची साधी गाडी दोन्ही घटतात, त्यामुळे एकूण आकडा खरा आहे त्याहून कमी दिसू शकतो. म्हणून इथल्या डॉक्टरांना मोकळं किती आहे ते बघायचंय. मंगळवारची वेळ घेतलीय.

कपाटातली ताकदीच्या औषधाची बाटली मी उचलून आणलीय, शोधत बसू नका. गुळवेलीचा काढाही बंद. गुळवेलीमुळे लिव्हर बिघडलेले रुग्ण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनीच नोंदवलेत. आई, एकादशीला त्यांना उपास नको, रात्री झोपताना दूध-भाकरी हवीच. लोणचं, पापड बंद. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही. चिडचिड करतील, करू देत.

शेवटची गाडी लावून आलात की बाबा, चामड्याच्या पिशवीत चिल्लरीखाली माझ्यासाठी लिमलेटची गोळी असायची. तिला नाण्यांचा वास यायचा. मी झोपेचं सोंग घेऊन वाट बघायचो.

सैल सुती सदरे आणून ठेवलेत, खिडक्यांना जाड पडदेही लावलेत. शनिवारी पहाटे गाडी घेऊन येतो.

तुमचा,
बाळू