पुण्यातल्या शास्त्री रोडच्या अभ्यासिकेतल्या दादा-ताईंना मनापासून थँक्यू

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये. 2025 पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली तेव्हा ऑब्जेक्टिव्हची सवय असलेल्या आमच्यासारख्या पोरांचे धाबे दणाणले होते, क्लासची फी सगळे सांगायचे, रस्ता कुणी सांगत नव्हतं. दादा, तुम्ही ड्युटी सांभाळून रविवारी सदाशिव पेठेत यायचात, टपरीवर चहा घेत माझी उत्तरं लाल पेनाने तपासायचात, समासात लिहायचात, 'मुद्दा कुठंय? आधी प्रश्न काय विचारलाय ते बघ.' ती पानं अजून जपून ठेवलीत. आणि ताई, तुम्ही तर पहिल्याच भेटीत विचारलंत की पोस्ट नाही निघाली, म्हणजे निवडच नाही झाली, तर काय करणार, घरी कोण कोण असतं, एवढं आपुलकीनं विचारणारं खरंच कुणी भेटलं नव्हतं, बी.एड. सीईटीचा फॉर्म पण तुम्हीच भरायला लावलात, तेव्हापासून आई-बाबांच्या जिवाचा घोर कमी झाला. पुण्यात नोट्स ढिगानं मिळतात हो, पण तोंडावर खरं सांगणारं माणूस मिळायला नशीब लागतं. नवीन आलेल्यांनो, लाजू नका, सीनियरला बिनधास्त जाऊन विचारा. दादा, ताई, या रविवारचा चहा माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही.