पोटठेकेदाराचे पैसे थकवणाऱ्याची नोंदणी थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठेकेदारांच्या थकीत बिलांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. सरकारकडे सुमारे 89 हजार कोटी रुपये अडकल्याचं ठेकेदार संघटनांनी 2025 मध्ये सांगितलं, त्यासाठी आंदोलनंही केली. त्यांचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बातम्यांत आम्ही कुठेच नसतो. आम्ही म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली सेंटरिंग, बांधकाम, प्लास्टर, फरशी, फॅब्रिकेशन करणारे. सरकारचं बिल निघून ठेकेदाराच्या खात्यात जमा झालं, तरी तिथून पुढे पैसा सरकत नाही. त्याला कुणी थकबाकी म्हणत नाही.

बार्शी तालुक्यात माझे पती आणि दीर सेंटरिंग-काँक्रीटची कामं घेतात. प्लेटा, जॅक, बल्ल्या आमच्या, माणसं आमची, आणि हिशोबाची वही माझ्याकडे. एका शासकीय इमारतीचं काम आम्ही फुटिंगपासून स्लॅबपर्यंत केलं. सिमेंट-सळई ठेकेदाराची, खडी, क्रश सँड आणि मजुरी आमची. शेवटचं बिल 9 लाख 50 हजारांचं. मजुरांना बाजाराच्या दिवशी पैसे मोजून द्यावेच लागतात, तिथे 'पुढच्या आठवड्यात' चालत नाही. आमच्या बाबतीत मात्र उत्तरं ठरलेली. एमबी, म्हणजे कामाच्या मापाची सरकारी वही, झाली नाही. एमबी झाली, बिल टेबलावर आहे. बिल पास झालं, फंड नाही. मार्च एंडला बघू. मार्च गेला, पावसाळा लागला, आणि बिल तर कधीच जमा झालंय हे आम्हाला दुसऱ्याच ठेकेदाराकडून कळलं.

खरी गंमत आयकराच्या पोर्टलवर दिसली. विवरणपत्र भरताना यांच्या पॅनवर 9 हजार 500 रुपयांचा टीडीएस जमा दिसला. म्हणजे त्या ठेकेदाराने आमचं बिल आपल्या वहीत खर्चाला टाकलं, त्यावर 1 टक्का कर कापून सरकारजमाही केला. कागदावर आमचं देणं त्याला पूर्ण मान्य आहे. फक्त द्यायचं तेवढं राहिलंय! वर त्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी, 1 लाख 71 हजार, आम्ही सोनं गहाण ठेवून भरला, कारण बिल दिलं की कर लागू, पैसे हातात येवोत न येवोत. त्याच कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट, ठेकेदार घेऊन मोकळा. 180 दिवसांत आमचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करायचं, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे कोण बघतं, देव जाणे.

'कायदा आहे ना' असं सांगणारे खूप भेटतात. आहे. लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा म्हणतो, 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आमची लघुउद्योग म्हणून सरकारी ('उद्यम') नोंदणी आहे, म्हणून सोलापूरला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, साहित्यासह काम म्हणजे 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट', आणि ते या कायद्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. नुसत्या मजुरीचं बिल असतं तर गोष्ट वेगळी होती. राहिला दिवाणी दावा. त्याची मुदत तीन वर्षं, आणि 'पुढच्या महिन्यात नक्की' ऐकत तीन वर्षं कधी सरतात ते कळतही नाही. आमच्या ओळखीतल्या एका प्लास्टरवाल्याची अशीच सरली.

मजुराची मजुरी ठेकेदाराने बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, अशी तरतूद कंत्राटी कामगारांच्या कायद्यात 1970 पासून होती. ती योग्यच. पण मजूर आणि बडा ठेकेदार यांच्या मध्ये जो चार-दोन लाखांच्या प्लेटा आणि पंधरा माणसं घेऊन उभा आहे, त्याचा धनी कोण?

याचं मूळ एका कलमात आहे असं माझं मत आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या 'बी-1' या ठरावीक नमुन्यातल्या निविदेत लिहिलेलं असतं की, परवानगीशिवाय काम पोटठेक्याने देऊ नये, दिल्यास ठेका रद्द आणि अनामत जप्त. हेतू चांगला असेल. प्रत्यक्षात काय होतं? काम पोटठेक्याने दिलं जातंच, पण आमचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. शाखा अभियंता आमच्याच माणसाकडून टेपचं टोक धरून माप घेतात, सळईतलं अंतर चुकलं तर आम्हालाच रागावतात, आणि पैशाचं विचारलं की म्हणतात, 'तुम्ही कोण? आमच्याकडे तुमची नोंद नाही.' जुलै 2025 मध्ये जलजीवन मिशनच्या कामावरच्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली, तेव्हाही सरकारी बाजूने हेच सांगण्यात आलं होतं की काम त्यांच्या नावावर नाही, ते पोटठेकेदार असतील. हे वाक्य ऐकून आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

आपल्याकडे इमारतीत वायरिंग करायला राज्याचा परवाना लागतो, इमारत बांधायला लागत नाही. सरकारी कामापुरती विभागाची वर्गवार नोंदणी, हाच काय तो ठेकेदाराचा परवाना. म्हणून लगाम घालायचा तर तिथेच घातला पाहिजे. स्लॅब गळला, रस्ता उखडला की काळी यादी आठवते. हाताखालच्यांचे पैसे थकवल्याबद्दल कुणी काळ्या यादीत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात एका बांधकाम कंपनीत इस्टिमेटर आहे. तिथे ठेकेदाराला राज्याच्या मंडळाचा परवाना असतो. कामाचा हप्ता हातात पडल्यापासून 7 दिवसांत त्यातला पोटठेकेदाराचा वाटा द्यावा लागतो. नाही दिला तर महिन्याला 2 टक्के दंड, आणि शिवाय परवान्यावर कारवाई होऊ शकते. कामाबद्दल खरोखर वाद असेल तर वादातल्या रकमेच्या दीडपटीपर्यंतच अडवून धरता येते, बाकीचे द्यायचे. तिथेही बुडवे आहेतच, नाहीतर नियम कशाला करावा लागला असता. पण परवाना जाण्याची भीती काय करते ते भाच्याने सांगितलं: पोटठेकेदाराने मंडळाकडे जाण्याचं नुसतं नाव काढलं तरी कंपनीतली हिशोबाची माणसं फोन उचलू लागतात. आमचा फोन गेल्या दिवाळीपासून कुणी उचललेला नाही.

'सरकार आम्हालाच देत नाही, आम्ही कुठून देऊ?' असं ठेकेदार म्हणतील. मान्य. म्हणूनच दिवस मोजायचे ते त्यांच्या खात्यात बिल जमा झाल्यापासून. त्याआधी आम्ही तगादा लावणार नाही, तेवढी कळ आम्ही काढतोच.

विभागाला यासाठी नवं खातं उघडायला नको. पोटठेक्यावर बंदी घालून डोळे मिटण्यापेक्षा त्याची नोंद घ्या. कोण कोणतं काम करतंय, त्याचं नाव, पॅन आणि ठरलेला दर कार्यकारी अभियंत्याच्या दप्तरी असू द्या. अंतिम बिल आणि सुरक्षा ठेव सोडताना या नोंदलेल्या लोकांची 'येणं बाकी नाही' अशी सही मागा. आणि तक्रार आली तर नोटीस द्या, ठेकेदाराचं म्हणणं ऐका, देणं सिद्ध झालं की ते फिटेपर्यंत त्याला नवी निविदा भरू देऊ नका, नोंदणीचं नूतनीकरण थांबवा. आमची सही जबरदस्तीने घेतली जाईल ही भीती आहेच. म्हणून ती ठेकेदाराने आणून देण्यापेक्षा विभागाने स्वतः फोन करून विचारावं. टीडीएसची नोंद तर आयत्या पुराव्यासारखी पडलेली आहे: कर कापला, त्या अर्थी देणं कबूल. मग बँकेतून पैसे दिल्याचा कागद दाखवा, एवढंच विचारायचं.

त्या ठेकेदाराचं नाव मी लिहिलेलं नाही. त्याची नोंदणी चालू आहे आणि शेजारच्या तालुक्यात त्याचं नवं काम सुरू झालंय. तिथे सेंटरिंगला माणसं हवीत म्हणून आमच्याच ओळखीतल्या एकाला विचारणा झाली आहे. यांनी त्याला सगळं सांगितलं. तरी तो जाणार आहे, कारण हाताला दुसरं काम नाही.

आपली,
एक वाचक, ता. बार्शी, जि. सोलापूर

(पुढची कामं तुटू नयेत म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)