सणांच्या बातम्या तरी बिनचूक हव्यात

महोदय,

अल्पसंख्य धर्मसमाज मराठी दैनिकांत दिसतात ते बहुधा तणावाच्या बातमीत, नाहीतर सणाला. निदान सणाचा मजकूर तरी अचूक हवा. गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा, उपवासाचा दिवस. तरी त्याच्या 'हार्दिक शुभेच्छा' छापल्या जातात. आनंदाचा सण रविवारचा, ईस्टर. मोहरमच्या 10 तारखेला शिया बांधव करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांचा शोक पाळतात, तिथेही शुभेच्छाच! पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस. नववर्ष दुसऱ्या दिवशी.

गेल्या वर्षीचा मजकूर काढून तारीख तेवढी बदलली की असे होते. ईदला तर तेही चालत नाही. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येते. रमजान ईद आदल्या संध्याकाळच्या चंद्रदर्शनावर ठरते. दुपारी लागणाऱ्या पानात 'उद्या ईद' असे ठाम लिहू नये. 'चंद्र दिसल्यास' एवढे पुरते. बकरी ईद महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे तारीख बरेच दिवस आधी कळते, त्यामुळे तिथे घाईचे कारणच नाही.

याहून जिव्हारी लागते ते 'संशयित ताब्यात' या बातमीला लावलेले गोल टोपीचे जुने छायाचित्र.

दैनिकातील अशा मजकुराबाबत आधी संपादकांना लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद समज देते, दंड करू शकत नाही. म्हणून दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

– आपले वाचक, वसई