काका, आकडा खरा सांगितलात म्हणून

काका, साष्टांग नमस्कार.

बाबांच्या तेराव्याला तुम्ही शेवटच्या पंगतीत जेवलात आणि न सांगता निघून गेलात. बोलायचं राहून गेलं. ज्यांनी बाबांना ‘कोयनेचे साहेब’ म्हणून ओळखलं त्यांनाही कळावं म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबा १९६९ साली पाटबंधारे खात्यात लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले होते. भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू द्यायचं काम चाललं होतं, तिथे त्यांची पहिली नेमणूक. मधल्या बदल्या सोडल्या तर निवृत्तीपर्यंत ते कोयनेचेच राहिले, आणि त्यातली कितीतरी वर्षं स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकड्यांची उभी पट्टी, धरून त्यांच्यासमोर उभे होतात तुम्ही.

कोयना वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या वेळी आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत होतो. १३ मार्च १९९९ ला शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाशी लेक टॅपिंग झालं. त्याआधी एका रात्री बाबांनी मला ते जेवणाच्या ताटात दाखवलं होतं. भाताचं आळं केलं, त्यात आमटी ओतली, मग बाजूनं बोट खुपसत खुपसत आळ्याच्या अगदी जवळ आणलं. “एवढा पातळ खडक ठेवायचा. तळं रिकामं करायचं नाही. भोकं मारून सुरुंग भरायचे, खडक खालच्या खड्ड्यात पडतो आणि पाणी आपल्या बोगद्यात.” बोट पुढे सरकलं, आमटी ताटभर झाली, आई ओरडली. बोगद्यातून कितीही उशिरा आले तरी गमबूट दाराबाहेर काढून ते आधी माझी वही बघायचे. त्याच महिन्यात माझी दहावीची परीक्षा होती. बाबांना साइट सोडता येईना, तेव्हा मला केंद्रावर तुम्ही नेऊन सोडायचात आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबायचात. त्याचेही आभार राहिलेच आहेत.

पण मुख्य गोष्ट शेवटच्या दोन वर्षांची. बाबांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला ते कधी ताई म्हणायचे, कधी अहो बाई. फक्त संध्याकाळ झाली की विचारायचे, “साठा किती?” एकदा मे महिन्यात मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, “धरण भरलंय बाबा.” ते ताडकन उठून बसले. “मे महिन्यात? कुणी घेतलं रीडिंग?” ती रात्र त्यांनी येरझारा घालत काढली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “ताई, साहेबांना आकडा खराच सांगायचा. खोटं रीडिंग त्यांनी कधी चालवून घेतलं नाही.” मग ती हकिगत सांगितलीत. स्टाफ जरासा कलला होता, लेव्हल क्लोज होईना, म्हणजे मोजणीचा हिशेब जुळेना, म्हणून बाबांनी भर उन्हात सगळी लाइन पुन्हा घेतली होती. आणि झाल्यावर आपला डबा तुमच्यापुढे सरकवला होता.

तेव्हापासून रोज पाचला तुम्ही यायचात. धरणावरच्या ओळखीच्या माणसाला फोन करून त्या दिवसाचा साठा विचारून यायचात. खाटेजवळ सरळ उभं राहून सांगायचात, “साहेब, अठरा टीएमसी.” बाबा मान हलवायचे. “सांगलीकडे पाणी सुटतंय ना?” “सुटतंय साहेब.” तेवढी पाच मिनिटं ते कुणाचे पेशंट नसायचे. आम्ही त्यांना लहान मुलासारखं समजावत होतो. तुम्ही मात्र त्यांना साहेबच राहू दिलंत. माझ्या हातून जे झालं नाही ते तुम्ही केलंत, काका. हे मी कधी विसरणार नाही.

शेवटच्या आठवड्यात डोळेही नीट उघडत नव्हते. तुम्ही म्हणालात, “साहेब, शहाऐंशी झालं.” बराच वेळ काही नाही. मग ओठ हलले, “दरवाजे?” “सहाही उघडलेत साहेब.” आणि बाबांनी तुमचा हात धरला. माझा नाही, तुमचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

परवा संध्याकाळी तुमचा फोन आला. सवयीनं तुम्ही आधी आकडा सांगितलात आणि मग गप्प झालात. मीही काही बोलले नाही. बाबांच्या शेवटच्या फील्डबुकात काही पानं कोरी आहेत. तारीख घालून तो आकडा मी तिथे लिहून ठेवला आहे. उद्याचाही कळवा. आणि जमेल तेव्हा घरी या, आई अजून पाचला तुमच्या वाटणीचा चहा टाकते.

तुमची,
साहेबांची मुलगी