कॉमिक आणि गेम म्हणजे मालिकेचा कच्चा माल नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला कॉमिक आणि गेमवरून निघालेल्या मालिकांवरचा लेख वाचला आणि रात्रीपर्यंत डोकं शांत झालं नाही. लेखकाचं म्हणणं काय, तर कॉमिक आणि गेम हा पोरासोरांचा कच्चा माल, टीव्हीने त्याला मोठ्या माणसांनी बघण्यालायक केलं आणि चाहत्यांनी त्याबद्दल आभार मानावेत. वर उदाहरण घेतलं ते 'द वॉकिंग डेड'चं, म्हणजे झोंबींच्या, उठून चालणाऱ्या मुडद्यांच्या गोष्टीचं! मी ते कॉमिक वाचलंय, मालिका बघितलीय, गेम खेळलेय, तिन्हींवर माझा जीव आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

कॉमिक 2003 मध्ये सुरू झालं, 2019 मध्ये 193व्या अंकाला संपलं. मालिका आली 2010 ला. म्हणजे टीव्हीचं लक्ष जायच्या आधी सात वर्षं रॉबर्ट किर्कमनची ही गोष्ट काळ्यापांढऱ्या पानांवर चालू होती आणि मोठी माणसंच ती वाचत होती. शेवटचा अंक शेवटचा आहे हे वाचकांना आधी सांगितलंसुद्धा नव्हतं, पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठं करून ठेवली होती. त्या अंकात नायक रिकचा मुलगा कार्ल मोठा झालाय, त्याला मुलगी आहे, त्याची बायको म्हणजे लहानपणीची मैत्रीण सोफिया. मालिकेत सोफिया दुसऱ्याच सीझनमध्ये मेली आणि कार्लला 2018 मध्ये मारून टाकलं. अहो, रिकने एवढं सगळं केलं ते कोणासाठी, त्या पोरासाठीच ना, मग तोच नसेल तर गोष्ट उरते कुठे? रिकचा साथीदार ग्लेन, त्याचंही तसंच. कॉमिकच्या 100व्या अंकात त्याचा मृत्यू येतो, त्याच अंकात कळतं कोण गेलं, पान उलटायचं धाडस तेवढं तुम्ही करायचं. मालिकेने एप्रिल 2016 मध्ये कोणाला मारलं हे न दाखवता सीझन संपवला आणि ऑक्टोबरपर्यंत लोकांना लटकवत ठेवलं. लोक तेव्हा चिडले ते उगाच नाही.

मालिका वाईट होती असं मी म्हणत नाहीये. डॅरिल कॉमिकमध्ये नाहीच, तो टीव्हीनेच दिला, आणि कॉमिकमध्ये लवकर संपलेली कॅरोल मेलिसा मॅकब्राइडने जी उभी केली त्याला तोड नाही. चांगलं ते चांगलंच. पण ते कॉमिक अपुरं होतं म्हणून चांगलं नाही झालं.

आता गेम. लेखात त्याला एका वाक्यात 'झोंबी मारण्याचा खेळ' म्हणून निकालात काढलंय. टेलटेल कंपनीचा 2012 चा तो गेम लेखकाने पाच मिनिटं जरी खेळला असता तरी हे लिहिलं नसतं, कारण त्यात गोळीबार फार थोडा, बोलणंच जास्त. ली एव्हरेट, इतिहासाचा प्राध्यापक, खुनाबद्दल शिक्षा झालेला, पोलिसांच्या गाडीतून तुरुंगात चाललेला, त्याच्या पदरात क्लेमेंटाइन नावाची आठ वर्षांची पोर येते. तिच्याशी काय बोलायचं ते तुम्ही ठरवायचं, त्यालाही काही सेकंदच मिळतात, वेळेची पट्टी सरकत संपत जाते, आणि काहीच निवडलं नाही तर ली गप्प राहतो आणि ते गप्प राहणंही उत्तर धरलं जातं. वरच्या कोपऱ्यात अक्षरं येतात, क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. ते वाचून पोटात गोळा येतो.

शेवटी लीला झोंबीचा चावा बसलेला असतो, अंगात उठायचं बळ नसतं, आणि क्लेमेंटाइनने त्याला गोळी घालायची की तसंच सोडून जायचं हे लीच्या तोंडून तुम्हाला सांगायचं असतं. मी तिला जायला सांगितलं, त्या पोरीला गोळी झाडायला लावणं माझ्याच्याने झालं नाही. माझ्या भावाने उलट केलं. त्याचं म्हणणं, जो माणूस बापासारखा होता तो झोंबी होऊन कुठेतरी पडलाय हे तिने जन्मभर डोक्यात का वागवायचं? यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही, अजूनही विषय निघाला की दोघांचा आवाज चढतो. मालिका बघून आम्ही रडलो असू, पण असे भांडलो कधीच नाही, कारण तिथे जे केलं ते रिकने केलं, इथे मी केलं होतं. हे टीव्हीला करता येत नाही. त्यात टीव्हीचा दोष नाही, पण मग गेमला कच्चा माल कशाच्या जोरावर म्हणता? नाटक न बघता कोणी नाटकाचं परीक्षण लिहिलं तर तुम्ही छापाल का? मग न खेळलेल्या गेमवरचं कसं छापलंत?

आणि कॉमिक पोरांसाठीच असतं म्हणणाऱ्यांनी 'माऊस' वाचावं. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या बापाची गोष्ट आहे ती, 1992 मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

लिहायला बसलेच आहे तर अजून एक. तुमच्या रोजच्या चित्रपट्टीचे हाल बघवत नाहीत. आधी चार चौकटी एका रांगेत यायच्या, आता जाहिरातीला जागा करायची म्हणून दोनावर दोन रचता आणि इतक्या बारीक करता की फुग्यातली अक्षरं लागत नाहीत. काल तर शेवटची चौकटच गायब! तीन चौकटी रचत आणायचं आणि चौथीत फोडायचं, एवढ्यासाठीच चित्रकार बसलेला असतो, ती चौथीच कापली तर त्याने काढलं कशाला आणि आम्ही वाचलं कशाला? जागा नसेल त्या दिवशी छापू नका, दुसऱ्या दिवशी पूर्ण छापा. कालची ती चौकट मात्र उद्याच्या अंकात द्या.

आपली नियमित वाचक