चि. वैशूस

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. "पोरगी एवढी लांब, आणि तिच्यावर ओरडता," एवढंच म्हणाली. म्हणून लिहायला बसलो. चुन्याच्या कामावर डोळ्यांना लावायच्या चष्म्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे.

तुझा व्हिडिओ चार वेळा बघितला. सांधे चांगले भरतेस. आधी वीट भिजवलीस, मग चुना दाबलास, थापी मनगटातून फिरवलीस. आबांची थापी अशीच फिरायची. दौलूमामाला दाखवला, तर म्हणाला, हिला गणपती आळीतल्या वाड्याच्या कामावर बोलवा. मी काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत मला तेच ऐकू येत होतं. फक्त शेवटी तू बादलीत कळीचा चुना टाकतेस, तो खदखदायला लागतो आणि तू वाकून आत बघतेस. तिथे मी फोन उलटा ठेवला.

असो. दुसरंच लिहायचं होतं.

मागच्या मे महिन्यात तू आम्हाला व्हर्जिनियातलं ते घर दाखवलंस, माँटपेलियर. त्याबद्दल तुझ्याशी नीट बोललोच नाही. जेम्स मॅडिसनला अमेरिकेच्या राज्यघटनेचा जनक म्हणतात, त्याच्या वडिलांनी १७६४ च्या सुमारास ते बांधलं, हे तू गाडीतच सांगितलं होतंस. पुढे १९०१ साली ड्यू पाँट नावाच्या श्रीमंतांनी ते घेतलं आणि वाढवत वाढवत ५५ खोल्यांचं केलं. मग २००३ ते २००८, पाच वर्षं खपून आणि अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्चून ते परत मॅडिसनच्या २२ खोल्यांवर आणलं. बांधकामाच्या चाळीस वर्षांत घर वाढवून मागणारे मला शेकड्यांनी भेटले. वाढवलेलं उतरवून मूळ घर मोकळं केलेलं मी पहिल्यांदा बघितलं. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते भिंतच सांगते, असं तू म्हणालीस. बुजवलेल्या दाराची कड, गिलाव्याखालचा गिलावा, उंदराच्या घरट्यात सापडलेल्या पडद्याच्या चिंध्यासुद्धा. तू हे आईला समजावत होतीस तेव्हा मागची एक म्हातारी गोरी बाई थांबून ऐकत होती. मराठीचं अक्षर कळत नसताना ऐकत होती. ते तुला दिसलं नाही, मला दिसलं.

तळघरात मी मागे राहिलो म्हणून तू चिडलीस. मी त्या विटेपाशी होतो, बोटांचे ठसे असलेल्या. गुलामांनी तिथल्याच मातीच्या थापलेल्या विटा, आणि काही ठसे लहान पोरांचे. वीट ओली असताना उलटून उभी करायची असते, तेव्हा बोटं रुततात. मोठ्या माणसाची बोटं विटेच्या कडेला बसतात, पोराचा पंजा पुरत नाही, म्हणून तो मधेच दाबतो. हे मला कुणी सांगायला नको. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी हेच करत होतो. फरक एवढाच, संध्याकाळी मला आबा खांद्यावर घेऊन घरी आणायचे. त्या पोराला कुणी दुसऱ्या मळ्यावर विकलं असतं तर त्याचा बाप काय करणार होता? राज्य कसं चालावं ते लिहिणारा माणूस वरच्या मजल्यावर पुस्तकं वाचत बसायचा, आणि मरताना त्याने यांच्यातल्या एकालाही मृत्युपत्रात मोकळं केलं नाही. तू मला "चला अण्णा" म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता.

बाहेरचं सगळं सुंदर होतं. हिरवळ, निळे डोंगर, बर्फ साठवायच्या विहिरीवर बांधलेली ती गोल छत्री. तुझ्या आईला छत्री आवडली. मला आठवते ती झाडांखालची गुलामांची दफनभूमी. नाव नाही, दगडावर अक्षर नाही, नुसते जमिनीतले खळगे. आणि १९१० सालचं ते छोटं स्टेशन, गोऱ्यांना एक खोली, काळ्यांना दुसरी. ते तसंच राखलंय, हे बरं केलं. पुसून टाकलं असतं तर घर दुरुस्त झालं असं मी मानलं नसतं.

रस्त्यापलीकडचं लाकडी खोपटं मात्र मनात राहिलं. जॉर्ज गिलमोर, त्याच मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला, सुटल्यावर त्याने १८७३ च्या सुमारास स्वतःचं घर उभं केलं. त्याच साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटंही घेतली होती, हे तुला लहानपणी सांगायचो. त्या उंबऱ्यापाशी उभा राहून मला वाटलं, माझी लेक बरोब्बर जागी आली आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता लिहितोच, नाहीतर हे पत्र खोटं होईल. आबांच्या डोळ्याचं तुला अर्धंच माहीत आहे. चुना मळायच्या घाणीच्या कडेला खड्ड्यात चुना विरवत होते, मोठा गोळा फुटला आणि उडाला. कुणीतरी ओरडलं, तूप आणा. मी घरी धावलो. नानीने वाटीत तूप दिलं, ते सांडू नये म्हणून मी हळू चालत आलो. खड्ड्यापासून वीस पावलांवर पाट भरून वाहत होता. एकानेही ओंजळभर पाणी मारलं नाही, आणि मीही त्या पाटावरून उडी मारूनच गेलो होतो. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, लगेच पाण्याने धूत राहिला असतात तर कदाचित. आबा मला कधीच काही बोलले नाहीत. पुढची एकवीस वर्षं एका डोळ्याने ओळंबा बघितला.

म्हणून ओरडलो. तू लहान नाहीस, मान्य आहे. तू दोन पुस्तकं जास्त शिकलीस, तुमच्याकडे कामाचे नियम असतात, तेही मान्य. नियम भिंतीवर असतात आणि चुना बादलीत असतो. बघ, परत सुरू झालो. रागावू नकोस. आवाज चढवला त्याची माफी मागतो, चष्म्याची नाही मागत.

बबनचा मुलगा पंधरा तारखेला निघतोय. त्याच्याबरोबर कुरडया, आईने केलेला मेतकुटाचा डबा आणि दोन चष्मे पाठवतोय, चारी बाजूंनी बंद, काच धूसर न होणारे. मी घालून बघितले. केसांत अडकत नाहीत.

गुडघ्याला आता बरं आहे. पाऊस अजून नाही. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्यात.

तुझे
अण्णा

ता. क. विटेवरच्या त्या बोटांचा जवळून काढलेला फोटो असेल तर पाठव. आणि बादलीशेजारी पाण्याचा भरलेला कॅन ठेव. प्यायचा नव्हे, वेगळा.