युनालेस्का मेली

नागपूर,
श्रावणातला रविवार

निल्या,

युनालेस्का मेली. काल रात्री पावणेदोनला. घर झोपलेलं, त्यामुळे ओरडता येईना, तोंडावर उशी दाबून ओरडलो. सकाळी चहा घेताना हिला सांगितलं, तर कप खाली ठेवून म्हणे, "अरे देवा, कोण गेली? बर्डीवाल्या काकूंकडची का?" आता तिला काय समजावू, व्हिडिओ गेममधली बया आहे ती! म्हणून तुला लिहून राहिलो.

फोनच करणार होतो. पण आबांच्या तेरवीनंतर आपण धड बोललो नाही. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही.

तब्येतीचं विचारशील म्हणून सांगतो: आईचा गुडघा बरा आहे, माझी बीपीची गोळी चालू आहे. झालं.

आईच्या घराचा माळा रिकामा केला. तुझा गेमचा डबा, पीएस टू, निघाला, त्याच खोक्यात, आत्याच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. खेळ सेव्ह करायचं कार्ड आत होतं. टीव्ही नवा, त्याला पिवळी-पांढरी-लाल पिन लागेना. बर्डीवरून कन्व्हर्टर आणला. लागल्यावर फायनल फँटसी टेनची ती पियानोची धून वाजली आणि मला तुमच्या कूलरच्या वाळ्याचा वास आला. खोटं नाही सांगत. फाईल होती बे आपली! 71 तास खेळलेली, झानार्कंदच्या पडक्या शहरात थांबलेली. त्यातले वीस तास तुझ्या ब्लिट्झबॉलचे, गेममधल्या त्या पाण्यातल्या बॉलच्या खेळाचे, पण आज त्यावरून भांडत नाही.

2007चा मे आठव. लढाईच्या आधीचा तो सगळा सीन दर वेळी पहिल्यापासून बघायचा, गाळता येत नव्हता. तो संपून लढाई रंगात आली की लाईन जायची. तू म्हणायचास की वीज मंडळच युनालेस्काच्या पार्टीत आहे. तिची तीन रूपं. 24 हजार जीव असलेलं पहिलं आपण झोपेत मारायचो. हाताने मारलं की ती उलट आंधळं करते, मंत्र टाकला की मुकं करते, एवढं पाठ झालं होतं. 48 हजारांच्या दुसऱ्या रूपापासून घाण व्हायची. हेलबायटर टाकून ती सगळ्यांना झोंबी करते आणि मग वर आपल्यालाच औषध देते! झोंबीला औषध म्हणजे मार. आपलीच क्युरा आपल्यालाच मारते. तरी आपण धडाधड होली वॉटर पाजायचो, तिघेही स्वच्छ. मग तिसरं रूप, 60 हजारांचं. ती आली की मेगा डेथ टाकायची आणि तिघेही आडवे. मागे आपल्या सातांतली चार माणसं ताजीतवानी उभी, पण पुढचे तीन पडले की खेळ खलास. पडलेल्याला बदलता येत नाही, कारण त्याची पाळीच येत नाही. किती चिडायचो आपण त्याच्यावर!

आता तो शेवटचा दिवस. तू म्हणालास, "एकाला झोंबीच राहू दे ना बे." मी म्हणालो, वेडा झाला का, औषध घेता येत नाही त्याला, दोन फटक्यांत जाईल. तू म्हणालास, "किमारीला ठेव." मी तुझ्या हातून कंट्रोलर ओढला. किमारी! त्याला मी कधी धड लढवलाच नव्हता. तू प्रत्येक लढाईत सातही जणांना एकेक पाळी द्यायचास, नुसतं डिफेन्ड का होईना, म्हणजे सगळ्यांना एपी, ताकद वाढवायचे गुण, मिळतात. मी म्हणायचो टाइमपास आहे. टिडस, ऑरॉन, लुलू, तीन बस्स. "बाकीचे काय लग्नाला आलेत का?" हे तुझं वाक्य. मी होली वॉटर पाजलं, मेगा डेथ आली, तिघे पडले, आणि तू काही न बोलता चप्पल घालून गेलास. जूनमध्ये पुण्याला गेलास. पीएस टू पोचवायलाही चिंट्याला पाठवलंस.

काल काय झालं ऐक. दुसऱ्या रूपात तिघांनाही झोंबी केलं तिने. होली वॉटर फक्त दोन उरले होते, आणि ते मी टिडसला आणि ऑरॉनला दिले. तिसरा किमारी. तो पुढे कसा? लुलू मुकी झाली होती, म्हणून त्याला आणलं होतं. अदलाबदलीला पाळी जात नाही, तेवढ्यापुरता. त्याला द्यायला काही नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. दुसरं रूप पडलं, तिसरं उघडलं, मेगा डेथ. टिडस पडला. ऑरॉन पडला. आणि निल्या, किमारी उभा होता. जो झोंबी आहे त्याला मेगा डेथ लागतच नाही. हातात कंट्रोलर धरून मी एक मिनिट बसून राहिलो. पाळी किमारीची होती, ती थांबून होती.

मग फिनिक्स डाऊनने टिडसला उठवला, त्याच्याकडून पाळ्या पटापट आणणारा हेस्ट मंत्र, मग ऑरॉन. पुढच्या हेलबायटरला होली वॉटर शोधलंच नाही. एकाला मुद्दाम झोंबी ठेवत गेलो, त्याचा जीव उतरला की दुसऱ्याला पुढे आणायचो, तुझ्यासारखं. सातही जण उतरले. 18 वर्षांनी कळलं की तू बरोबर होतास. ते तू तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही.

ऑरॉन तर गेमच्या गोष्टीत दहा वर्षांपूर्वी त्याच जागी तिच्यावर एकटा धावून गेलेला आणि जिवानिशी गेलेला माणूस. तेव्हा आपण तो सीन बघत चिवडा खायचो. काल मी टीव्हीचा आवाज कमी करून पूर्ण बघितला.

आता ती गोष्ट. लढाई झाल्यावर बाहेर आलो, सेव्हच्या गोळ्यावर गेलो. बाहेर पाऊस, लाईट दोनदा लुकलुकला. घाबरलो, आणि खूण जिथे होती तिथेच दाबलं. आपल्या फाईलवर. ते 71 तास आता 74 झालेत. लढाईच्या आधीची जागा, जिथे आपण दोघं उभे होतो, ती गेली. कार्डात दुसऱ्या फायलींना भरपूर जागा होती रे. दोन ओळी खाली जाऊन दाबायचं होतं, बस्स. "ही फाईल आपली, एकट्याने पुढे न्यायची नाही," हे तुझ्या गच्चीवर ठरलं होतं. तू कदाचित विसरला असशील. मी विसरलो नव्हतो, तरी केलं. रात्रभर झोप नाही. तू रागावलास तर रागव, पण गप्प नको बसू. तू गप्प बसलास की काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार. पिल्लू चालायला लागलं का? फोटो पाठव.

मारबतीला ये. दोन दिवस काढ. सकाळी मिरवणूक बघू, तर्री पोहे खाऊ, आणि रात्री बसू. शेवटच्या लढाया उरल्यात: सिन बाकी आहे, जेक्ट बाकी आहे. त्यानंतर मी एकही पाऊल पुढे टाकलेलं नाही. विमानात उभं करून ठेवलंय सगळ्यांना. पुढच्या तिघांत पहिला किमारी आहे.

तुझा,
पक्या